चोरलबरोबर खाली, नळाच्या पाण्याबरोबर वर

इंदूरच्या राजेंद्रनगरातून पहाटे सायकल काढणारा माणूस सहसा राऊपर्यंत जातो, पोहे-जलेबी खातो आणि जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट पोटात घालून घरी येतो. त्यात वाईट काही नाही, मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो आहे. पण राऊच्या पुढे महू, महूच्या पुढे पाताळपाणी, आणि तिथे मालव्याचं पठार एकदम संपतं. खाली निमाड, नर्मदा. मधल्या विंध्याच्या कडेत कच्च्या वाटा इतक्या आहेत की एका हिवाळ्यात त्या पुऱ्या होणार नाहीत. तरी इंदूरचे सायकलवाले बायपासवर ट्रकांचा धूर का खातात, हे मला खरंच उमगलेलं नाही.

बेत साधा होता. जानापावच्या डोंगरात उगवणारी चोरल नदी पाताळपाणीला कड्यावरून उडी घेते, जंगलातून खाली उतरते आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळते. तिच्याबरोबर आपणही उतरायचं, मग नर्मदेच्या काठानं मंडलेश्वर-महेश्वर, जामच्या घाटानं पुन्हा वर, आणि सगळ्यात शेवटी जानापाव. म्हणजे नदीचा संगम आधी आणि उगम नंतर. पुतणीला हे उलटं वाटलं. "काका, उगमापासून सुरुवात करू ना, फोटो क्रमानं येतील," असं तिचं म्हणणं. पण पहिल्याच दिवशी जानापाव चढून पाय मोडून घेण्यापेक्षा फोटो मागेपुढे झालेले परवडले.

आम्ही तिघं. मी, पुतणी आणि आमच्या गल्लीतले डॉक्टर. डॉक्टर म्हणजे ढोरांचे डॉक्टर. सगळी नोकरी महू, मानपूर आणि निमाडातल्या खेड्यांत गेली, आता निवृत्त. माझी आणि पुतणीची सायकल ग्रॅव्हल बाइक: हँडल रेसरसारखं वाकलेलं, टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा पातळ चीक. डॉक्टरांची जुनी लोखंडी माउंटन बाइक, मागे कॅरिअर, कॅरिअरला दोरीनं बांधलेली पिशवी. या भागासाठी ग्रॅव्हल बाइकच हवी असं काही नाही. रुंद टायर आणि चढासाठी अगदी हलका गिअर, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच व्हावा असा, या दोन गोष्टी असल्या की पुरे. बाकीचा खर्च हौसेचा.

गुरुवार: इंदूर, पाताळपाणी, कालाकुंड, चोरल

राऊपर्यंत अंधारात, महूला उजाडलं. छावणीचे रस्ते झाडांखालचे आणि गुळगुळीत, फेब्रुवारीतही तिथे बोटं गारठतात. बाबासाहेबांचा जन्म इथलाच, १४ एप्रिल १८९१. स्मारकाशी थांबून हात जोडले आणि पुढे निघालो. महूच्या भोवती लष्कराच्या फायरिंग रेंज आहेत. मोबाइलवरच्या नकाशात तिथूनही छान कच्च्या वाटा गेलेल्या दिसतात, पण लाल झेंडा दिसला की नकाशा मिटवायचा आणि मागे फिरायचं. यात वाद नाही.

पाताळपाणीचा धबधबा या दिवसांत म्हणजे खडकावरून ओघळणारी एक धार. पुतणीची निराशा झाली. तिनं पावसाळ्यातले व्हिडिओ पाहिलेले. मला मात्र हा कडा कोरडाच आवडतो, कारण तेव्हाच तो दिसतो. काळ्या लाव्ह्याचे थर एकावर एक, प्रत्येक थराची वेगळी झीज, आणि तळाशी हिरवट डोह. पावसाळ्यात इथे माणसांची जत्रा असते आणि ती धोक्याची असते. जुलै २०११ मध्ये नदीत उभं असलेलं एक कुटुंब वरून आलेल्या लोंढ्यात वाहून गेलं होतं. वर जानापावकडे पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. डॉक्टर म्हणाले, "नदी ओळखायची तर तिच्या डोक्यावर काय चाललंय ते बघावं." ते हे गाईंबद्दलही म्हणत असावेत.

स्टेशनजवळ टंट्या मामाचं स्थान आहे. आपल्याशी झुंजणाऱ्या टंट्या भिल्लाला, म्हणजेच या मामाला, इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरच्या तुरुंगात फाशी दिली. त्याची समाधी इथे मानतात, आणि या मार्गावरच्या गाड्या मामाला मान म्हणून इथे क्षणभर थांबत, हा रिवाज वर्षानुवर्षं चालला. २०२१ मध्ये स्टेशनाला त्याचं नाव देण्याची घोषणाही झाली. आम्ही नारळ आणला नव्हता. डॉक्टरांनी पिशवीतून गुळाचा खडा काढून ठेवला.

इथून कालाकुंडपर्यंत मीटरगेजची घाटातली लाइन जाते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले, त्यातून ही वाट झाली. संस्थानिकानं इंग्रजांना व्याजानं पैसे द्यावेत ही गोष्ट ऐकून पुतणीला फार गंमत वाटली. घाटाचा चढ चाळीसाला एक. सायकलवाल्याच्या भाषेत अडीच टक्के, म्हणजे बोलत बोलत चढावा असा. पण इंजिनाला तोही जड जायचा, म्हणून कालाकुंडला गाडीला आणखी इंजिन जोडावं लागे. मोठ्या, म्हणजे ब्रॉडगेज लाइनच्या कामासाठी महू-सनावद मार्ग बंद झाला तरी पाताळपाणी-कालाकुंड हा तुकडा वारसा म्हणून राखला आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर पर्यटकांची गाडी धावते, आणि पावसाळ्यात तिचं तिकीट मिळवायला धडपड होते.

रुळांवरून सायकल ढकलत जाणारे लोक मी पाहिले आहेत. बोगदे आहेत, पूल आहेत, बाजूला सरकायला जागा नाही. मुळात ते बेकायदा आहे. म्हणून आम्ही लांबची वाट घेतली: आधी पठारावरच्या वस्त्यांमधून, गव्हाच्या आणि लसणाच्या शेतांच्या बांधानं, मग जंगलखात्याच्या कच्च्या सडकेनं खाली. ही सडक लाकूड वाहायला केलेली. ट्रक उतरावा म्हणून तिची वळणं मोठी आणि उतार बेताचा, पण वर्षानुवर्षं माती वाहून गेल्यानं आता नुसती गिट्टी उरली आहे. मुठीएवढे काळे दगड, चाकाखाली फिरणारे.

अशा उतारावर काय करायचं ते लिहितो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निघण्याआधीच टायरमधली हवा कमी करावी. माझं वजन सत्तरच्या आसपास, मी पुढे ३० आणि मागे ३५ पीएसआय ठेवतो. हँडल खालच्या वाकात धरावं, म्हणजे ब्रेक दोन बोटांत येतो. बूड सीटवरून उचलून मागे न्यावं आणि नजर चाकासमोरच्या दगडावर नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर ठेवावी. दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. पुतणी हे सगळं न ऐकता भुर्रकन उतरली आणि खाली झाडाखाली बसून आमची वाट बघत बिस्किटं संपवत होती. वीस वर्षांच्या माणसाला भौतिकशास्त्र वेगळं लागू होतं.

खाली चोरल पुन्हा भेटली. या दिवसांत ती घोट्याएवढी, तरी सायकल खांद्यावर घेतलेली बरी. गोटे शेवाळलेले असतात आणि बेअरिंगमध्ये पाणी गेलं की चार दिवस करकर ऐकावी लागते. जुलै ते ऑक्टोबर ही वाट विसरून जावी.

कालाकुंडला गेलात आणि कलाकंद खाल्ला नाही तर जाणं फुकट. घाटाआधी गाडी थांबे, इंजिन जोडेपर्यंत प्रवाशांना वेळ असे, तेवढ्या वेळात पळसाच्या पानावर कलाकंद विकला जाई. गाड्या गेल्या, कलाकंद राहिला. दाणेदार, जरासा करपलेला वास, गोडी बेताची. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीतही असा मिळत नाही असं म्हटलं तर माझ्यावर खटला होईल, पण म्हणतो. डॉक्टरांनी दोनदा घेतला आणि दुसऱ्या वेळी दूध कुणाच्या म्हशीचं आहे याची चौकशी केली. मालकाला ते आठवले. पंधराएक वर्षांपूर्वी याच वस्तीत त्यांनी अडलेली म्हैस सोडवली होती. त्यानंतर आमच्याकडून कुणी पैसे घेईना.

संध्याकाळी चोरल गावाकडच्या वाटेवर गुरं परतत होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कां जई रिया हो?" नर्मदामाईकडे, असं सांगितलं. त्यानं आमच्या सायकली पाहिल्या, पुतणीच्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि इंदूरहून थेट डांबरी सडक असताना आम्ही जंगलातून का आलो, हा प्रश्न तोंडावर न आणता मान डोलावली. धरणाजवळ मुक्काम. खोलीत गरम पाणी होतं, याहून जास्त त्या रात्रीचं काही आठवत नाही.

शुक्रवार: चोरल, बडवाह, मंडलेश्वर

इंदूर-खंडवा रस्ता या भागात चौपदरी होतोय. भेरूघाट, बाईग्राम, चोरल इथे डोंगर पोखरून बोगद्यांचं काम. धूळ, डंपर, भोंगे. दोन-तीन किलोमीटर त्या रस्त्यावरून जावंच लागलं, तेवढ्यात दातांत वाळू आली. मग डावीकडे जंगलात शिरलो आणि आवाज बंद झाला.

चोरलचं खालचं खोरं हे या सगळ्या वाटेतलं माझं सर्वांत आवडतं. वरच्या घाटासारखं ते नाट्यमय नाही, त्यामुळे तिथे कुणी येत नाही. साग, सालई, धावडा, तेंदू. सागाची पानं गळून पडलेली, ताटाएवढी, वाळून कडक. चाक त्यांवरून गेलं की इतका आवाज होतो की अर्ध्या किलोमीटरवरच्या माकडांनी आमची वर्दी दिली. आवाज मजेचा, पण पानांखाली दगड लपलेले असतात, म्हणून वेग आवरावा लागतो. पळस नुकताच फुलायला लागला होता. होळीला अजून वेळ होता आणि झाडांवर पान नव्हतं, नुसती केशरी फुलं. पुतणीनं तिथे इतका वेळ फोटो काढले की डॉक्टर एका झाडाला टेकून झोपले.

जनावरांबद्दल सगळे विचारतात. बिबळे या जंगलात नेहमीचे आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात तर महूच्या परिसरात वाघ आला होता आणि त्यानं एका माणसाचा बळीही घेतला. आमचा नियम एवढाच की ऊन चढल्याशिवाय जंगलात शिरायचं नाही, उन्हं कलायच्या आत बाहेर पडायचं आणि वनखात्याच्या नाक्यावर सांगून जायचं. नाक्यावरच्या माणसानं सल्ला दिला की मोहाच्या दिवसांत येऊ नका. मोहाची फुलं गळायला लागली की भल्या पहाटे गावकरीही जंगलात आणि अस्वलंही. त्या वेळी तिसऱ्या कुणाची तिथे गरज नसते.

बलवाड्याच्या पुढे जंगल विरळ झालं, हवा बदलली. मालव्यातून निमाडात उतरलेलं अंगाला कळतं: घाम येतो आणि सुकत नाही. मातीही बदलते. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, लाल मिरच्या वाळत घातलेल्या अंगणात, आणि प्रत्येक वळणावर केळी नाहीतर पपई. बडवाहला पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. शिवाजीराव होळकर १९०३ मध्ये गादी सोडून इथेच येऊन राहिले होते. राज्य सोडायचं तर नदीकाठी येऊन राहावं, हा निर्णय मला पटतो. दुपारी बाराला मात्र नसता पटला.

चोरल नर्मदेला मिळते ती जागा अगदी साधी. पाताळपाणीची एवढी उडी, घाटातला एवढा पसारा, आणि शेवटी गाळाच्या काठावरून हळूच शिरणारं पाणी. पाय धुतले. पुतणीनं बाटलीत थोडं पाणी भरून घेतलं. कशाला ते तेव्हा सांगितलं नाही.

इथून मंडलेश्वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण जमेल तिथे आम्ही काठाच्या वाटेनं गेलो, आणि ती वाट परिक्रमावाल्यांची आहे. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची असते. उत्तर तटावर ते पूर्वेला चालतात, आम्ही पश्चिमेला चाललो होतो, म्हणून दिवसभर ते समोरून येत राहिले. पांढरे कपडे, दंड, कमंडलू, पाठीवर वळकटी. प्रत्येकाला "नर्मदे हर" म्हणायचं आणि वाट अरुंद असेल तर सायकलीवरून उतरून बाजूला उभं राहायचं. चाकवाल्यानं उतरावं, चालणाऱ्यानं नाही. ही वाट त्यांच्या पायांनी झाली आहे.

त्यांच्यात मराठी माणसं किती! एका पिंपळाखाली दोन बायका बसल्या होत्या, एक पुण्याच्या, एक सांगलीच्या, वाटेतच ओळख झालेल्या. पुतणीचं मराठी ऐकून पुण्याच्या काकू म्हणाल्या, "इंदूरच्या का? तरीच 'चला ना, बसून घ्या' म्हणतेस." मग त्यांनी आम्हाला सदाव्रतातून मिळालेले शेंगदाणे दिले आणि आम्ही त्यांना उरलेला कलाकंद. त्या ओंकारेश्वरहून निघून दक्षिण तटानं समुद्रापर्यंत गेल्या, बोटीनं पलीकडे आल्या आणि आता परत चालल्या होत्या. डॉक्टरांनी सांगलीच्या बाईंच्या पायाचे फोड पाहिले आणि मलम दिलं. "माणसांना चालतं ना हे?" त्यांनी विचारलं. "ढोरांना चालतं म्हणजे माणसांना चालतंच," डॉक्टर म्हणाले.

धारगावच्या अलीकडे माझ्या मागच्या टायरला बाभळीचा काटा लागला. सीलंटचा पांढरा फेस आला, चाक दोनदा फिरवलं, भोक बुजलं. ट्यूबचं टायर असतं तर निमाडातल्या बाभळींनी आम्हाला महेश्वरपर्यंत पोचू दिलं नसतं. काटा तिथल्या तिथे उपटायचा नाही, मुक्कामाला पोचल्यावर काढायचा, हेही तेवढंच महत्त्वाचं.

मंडलेश्वरला दिवेलागणीला पोचलो. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद इथे झाला अशी गावाची श्रद्धा, टेंबेस्वामींचाही इथे मुक्काम झालेला. त्यामुळे आश्रमात "पुण्याहून का?" असंच स्वागत झालं. इंदूर म्हटल्यावर जरा हिरमोड झालेला दिसला, पण खिचडी तेवढीच वाढली.

शनिवार: महेश्वर

सायकली कुलपात. मंडलेश्वरहून महेश्वर जेमतेम आठ किलोमीटर, तेवढीच काय ती चालवली.

महेश्वरबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार? अहिल्याबाईंची राजधानी, घाट, किल्ला, राजवाड्यातलं देवघर. १७९५ मध्ये त्या इथेच वारल्या. मी दरवेळी घाटावर बसतो आणि पायऱ्या किती मोठ्या माणसाच्या हिशेबानं बांधल्या आहेत याचंच आश्चर्य करतो. बाईंच्या घाटावर गरीब माणसाला बसायला जागा आहे, दोन पायऱ्यांमध्ये कपडे धुवायला जागा आहे, आणि देवळात जायला वेगळी वाट आहे.

पुतणीला मागाचा आवाज ऐकायचा होता. विणकरांची रेहवा सोसायटी १९७९ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकारानं सुरू झाली, तेव्हा हा धंदा बसत चालला होता. आता गावात घरोघर माग चालू दिसतात. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. काठावरची नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून उचललेली. पुतणीनं आईसाठी साडी घेतली आणि ती सायकलवरून न्यायची कशी हा प्रश्न डॉक्टरांच्या कॅरिअरवर ढकलला. आजवर ज्या पिशवीची ती थट्टा करत होती, तिच्यातच साडी गेली.

रविवार: जलूद, जामचा घाट, महू

हा चढाचा दिवस, म्हणून चारला उठलो.

मंडलेश्वरजवळ जलूद आहे. इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी इथून उचललं जातं. माझ्या लहानपणी घरात पाणी भरण्यावरून जी भांडणं होत, ती ज्यांनी पाहिली त्यांनाच जलूदचं मोल कळेल. १९७० मध्ये नर्मदेचं पाणी शहराला मिळावं म्हणून इंदूरकर रस्त्यावर आले, आणि १९७८ मध्ये पाणी आलं. सत्तर किलोमीटर अंतर, आणि मध्ये विंध्य. निमाड समुद्रसपाटीपासून दीडशे-दोनशे मीटरवर, इंदूर साडेपाचशेच्या वर, आणि मधली कड त्याहून उंच. पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर ढकलत घाटमाथ्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत नेतात. तिथून पुढे ते उतारानं इंदूरकडे जातं.

मोठ्या लोखंडी नळाशेजारी देखभालीच्या गाड्यांसाठी मुरुमाची वाट आहे. जिथे जाऊ देतात तिथे ती घ्यावी. नळ आपल्याबरोबर चढत असतो, कान लावला तर आतून गुरगुर ऐकू येते. अशाच एका वळणावर दम खायला थांबलो असताना डॉक्टरांनी हिशेब मांडला. चोरलचं पाणी बडवाहला नर्मदेत मिळतं. मंडलेश्वर बडवाहच्या खाली. म्हणजे परवा आपण पाताळपाणीला जी धार पाहिली, तिच्यातलं थोडं पाणी नर्मदेतून वाहत जलूदला येणार, पंपात शिरणार, आणि हा घाट चढून तुमच्या राजेंद्रनगरच्या टाकीत पडणार. "आपण काय वेगळं करतोय? पाणी गेलं त्या वाटेनं गेलो, पाणी येतं त्या वाटेनं येतोय."

पुतणी म्हणाली, "पण त्याला मोटार आहे."

चढाबद्दल खरं सांगायचं तर, रेल्वेचा अडीच टक्के चढ आठवून रडू येईल असा जामचा घाट आहे. इंजिनाला दया दाखवणाऱ्या इंजिनिअरनं बैलगाडीवर दया दाखवलेली नाही. खालच्या गावांपर्यंत ठीक, मग वळणं आवळत जातात आणि काही ठिकाणी मुरूम इतका सुटा की सीटवरून उठलं तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढायचं, पुढे झुकून, सगळ्यात हलका गिअर, आणि नजर फार वर न्यायची नाही. डॉक्टर सरळ उतरून चालायला लागले, आणि माझ्याआधी वळणावर पोचले. त्यानंतर मीही चाललो. ग्रॅव्हल बाइकवर चालत जाण्यात कमीपणा नाही; ती ढकलायला हलकी असावी म्हणूनच एवढे पैसे घालवलेले असतात.

माथ्यावर जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधवला, मालव्यातून महेश्वरकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी. काळा दगड, कमान, वर चढून जाता येतं. गच्चीतून खाली सगळं निमाड, आणि हवा स्वच्छ असेल तर पार दूर नर्मदेची चकाकी. आम्हाला धुकट दिसलं. रविवार असल्यानं दरवाज्यात इंदूरच्या गाड्यांची ही गर्दी, मॅगीच्या टपऱ्या, सेल्फी, गाण्यांचे डबे. ज्या माणसानं मोटारीतून उतरून पुतणीला "भिया, ये साइकिल कित्ते की है?" विचारलं, त्याला तिनं खरी किंमत सांगितली. तो परत मोटारीत जाऊन बसला.

दरवाज्यापासून महूपर्यंत पठार: गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडत आलेल्या, हरभरा काढून झालेला, बटाट्याची पोती बांधावर रचलेली. बांधाबांधानं जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकोऱ्या म्हणजे या सायकलींसाठी उत्तम. एका चाकोरीत चाक घालायचं आणि सोडायचं नाही. रात्री महूला डॉक्टरांच्या बहिणीकडे. ताईंनी दाल-बाफले केले होते आणि आमच्याकडे बघून तूप मोजलं नाही.

सोमवार: जानापाव आणि घर

जानापावची उंची ८५४ मीटर. कुटी गावापासून वरपर्यंत गाडीरस्ता आहे, तो सोडून आम्ही जंगलातली वाट घेतली आणि अर्ध्यात पस्तावून पुन्हा गाडीरस्त्यावर आलो. वर जमदग्नींचा आश्रम आणि परशुरामाचं जन्मस्थान मानतात, कुंड आहे, कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. सोमवारी सकाळी मात्र पुजारी, चार माकडं आणि आम्ही.

लोक सांगतात की इथून साडेसात नद्या निघतात. अर्धी कुठली यावर पुजारी आणि डॉक्टर यांच्यात बराच वेळ चालू होतं. मला त्यात रस नव्हता, मला पाणी कुठे जातं यात होता. एकाच डोंगराच्या उत्तरेकडून चंबळ निघते, यमुनेला मिळते आणि गंगेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. गंभीर नदीही त्याच बाजूची. दक्षिणेकडून चोरल, कारम, अजनार निघतात, नर्मदेत शिरतात आणि खंभातच्या आखाताला लागतात. पाऊस कुंडाच्या अलीकडे पडला की पलीकडे, एवढ्यावर सगळं ठरतं.

आणि इंदूर दोन्हींकडचं पितं. गंभीरवर होळकरांनी यशवंत सागर बांधला, त्याचं पाणी शहराच्या पश्चिमेला जातं. उरलेलं चोरलच्या बाजूनं, निमाडात फेरी मारून, विजेचं बिल भरून परत वर. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग यशवंत सागराकडूनच जाऊ घरी, ती बाजू राहिली."

पुतणीनं बाटली काढली. संगमावरचं पाणी तिनं कुंडाच्या कडेला एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं. पुजाऱ्यानं विचारलं, गंगाजल आहे का? ती म्हणाली, "नाही, तुमच्याच नदीचं आहे, खालून आणलंय." पुजाऱ्याला ते पटलं.

यशवंत सागराकडून जायचं म्हणजे तीसेक किलोमीटर जास्त, आणि गंभीरच्या काठानं बऱ्यापैकी कच्ची वाट मिळते असं डॉक्टरांचं म्हणणं. हातोद सोडेपर्यंत ते खरं निघालं. त्यानंतर वाट एका कॉलनीच्या भिंतीशी संपली, आणि तिथल्या चौकीदारानं आम्हाला मागच्या फाटकातून शहरात सोडलं. मागच्या टायरमधला काटा मी घरी पोचून काढला. भोक बुजलेलं होतं, पण सीलंट जवळजवळ संपलं होतं, तेव्हा या वाटेला निघणाऱ्यानं एक छोटी बाटली जास्तीची ठेवावी.